कारणाचा रकाना

मी एक प्रोग्राम लिहिला. तो बाजारावर नजर ठेवायचा, स्वतःच ठरवायचा आणि शेअर घ्यायचा. का घेतला, हे तेवढं कुठंच नोंदवायचा नाही. त्यात त्याची चूक नव्हती. ती ओळ मीच लिहिली नव्हती.

राहून गेली असं म्हणून सुटता आलं असतं, पण तसंही नाही. अशी ओळ लागते हेच माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आणि मी कोण, तर अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात वर्षानुवर्षं पोरांना प्रोग्रामिंग शिकवलेला माणूस. "तुमच्या मागे दुसऱ्याला वाचता आला पाहिजे असा प्रोग्राम लिहा," हे वाक्य मी दर वर्षी खडूच्या धुराळ्यात उभा राहून म्हणत असे. पुढे त्या कॉलेजात पोरं कमी झाली, मग पगार कमी झाला, मग मी कमी झालो. रोजचं अकोला-अमरावती जाणं-येणं संपलं आणि मी अकोल्याच्या घरी मागच्या खोलीत टेबल टाकून बसलो.

त्या टेबलावर काम आलं ते एका शेठजींमुळे. त्यांचं शेअरदलालीचं लहानसं ऑफिस आहे. त्यांना असं यंत्र हवं होतं, जे बाजार उघडल्यापासून बंद होईपर्यंत न जेवता, न झोपता लक्ष ठेवील. "आदी खोट्या पैशावर चालवून दाखवा, सर. पटलं तर तुमचं आमचं कायमचं जमलं," असं ते म्हणाले. म्हणजे सौदे सगळे लुटूपुटूचे. यंत्रानं कितीही दिवे लावले तरी कोणाचा रुपया बुडणार नव्हता.

बुडण्यासारखं होतं ते आमचं अकोल्यातलं राहणं. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं पुण्यातल्या त्याच्या कंपनीत माझ्यासाठी शब्द टाकला होता. जागा तयार होती, फक्त दोन आठवड्यांनंतरच्या सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. शेठजींकडचं जमलं नाही तर पुणे. आणि पुणे म्हणजे पुढच्या खोलीतला बायकोचा गणिताचा क्लास बंद.

हा क्लास तिनं शेजारच्या दोन पोरींवर सुरू केला होता. आता पोरांच्या चपला पायरीवरून उतरून फाटकापर्यंत गेल्या होत्या. "जाऊ ना पुण्याले. तिथं काय दोन अन् दोन पाच होतात?" असं ती सहज म्हणायची. पण तिनं दुकानात एक मोठा फळा सांगून ठेवला होता, आणि त्याच आठवड्यात फोन करून तो थांबवला. "सध्या नको पाठवू, भाऊ. कळवतो मी," एवढंच बोलली. मी मागच्या खोलीत होतो. भिंत पातळ आहे.

तर यंत्र. त्याला मी चार खुणा शिकवल्या होत्या. भाव आपल्या सरासरीच्या वर चढला, ही पहिली. तिचं नाव मी सरासरीच ठेवलं. एखाद्या शेअरमागे एकाएकी घेणारे-विकणारे वाढले, ती गर्दी. कालचा सर्वांत वरचा भाव ओलांडला, तो उंबरा. आणि पार खाली पडून परत वर उठला, ती उसळी. यांतली एक खूण जरी पटली तरी घे, असा हुकूम होता. चौघींच्या मध्ये मी 'किंवा' घालून एका ओळीत काम उरकलं होतं आणि त्या ओळीकडे पाहून स्वतःवर खूष होतो.

यंत्र दाखवायला गेलो, तर शेठजींनी पडद्यावर एका हरलेल्या सौद्यावर बोट ठेवलं. "हा काहून घेतला?"

"चार खुणा आहेत ना, त्यांतली एखादी पटली असेल."

"असन?" शेठजींनी चष्मा काढला. "सर, गिऱ्हाइकानं मले विचारलं, तर मी त्याले 'असन' म्हणू? तो मले जोड्यानं मारन."

घरी येऊन मी बायकोला हे हसत हसत सांगितलं. ती पोरांच्या वह्या तपासत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "म्हणजे तुमच्या यंत्राचं उत्तर हाय, रीत नाई?"

"तसंच समज."

"मंग अर्धेच मार्क," असं म्हणून तिनं पुढची वही घेतली.

मी लगेच कारणाचा रकाना जोडला. अगदी सोपं काम. यंत्रानं पहिल्या खुणेला विचारायचं, पटली का? पटली तर तिचं नाव लिहून मोकळं व्हायचं. नाही पटली तर दुसरीला विचारायचं, मग तिसरीला, मग चौथीला. बाजाराची मागची सगळी माहिती माझ्याकडे साठवलेली होती. ती मी यंत्राला पुन्हा चारली आणि रकाना भरून आला. सरासरी, सरासरी, सरासरी. मध्येच एखादा उंबरा, पुन्हा सरासरी. पडदा वरून खाली सरकवावा तिकडं तीच.

मला काय आनंद झाला! वाटलं, सापडली आपली लक्ष्मी. बाकीच्या तिघी नुसत्या बसून खातात, घर चालवते ती सरासरी. मी शेठजींना फोन करून सांगूनही टाकलं की आपल्या यंत्राचा कणा म्हणजे सरासरी. एवढ्यावर न थांबता सरासरीच्या नावावर येणारा प्रत्येक सौदा दुप्पट मोठा घ्यायचा, असाही हुकूम यंत्राला दिला. आठवडाभर ते दुप्पट उत्साहानं कधी जिंकलं, दुप्पट उत्साहानं कधी हरलं, आणि हिशेब होता तिथंच राहिला.

बायको चहा घेऊन आली आणि खुर्चीमागं उभी राहून पडदा पाहू लागली. हिरव्या ओळी जिंकलेल्या, लाल हरलेल्या.

"हिरव्यासमोर बी सरासरी लिवलं हाय," ती म्हणाली.

"हो, कणा आहे ती."

"अन् लालासमोर बी सरासरीच."

"हं."

"जितलं तरी थेच, हरलं तरी थेच. मंग थे कारण कसं झालं? माया क्लासातल्या पोरानं असं लिवलं तर मी त्याले उभं करतो."

मी चहा थंड असल्याची तक्रार केली. चहा गरम होता, जीभ भाजली.

हे झालं शुक्रवारी. रविवारी अमरावतीला माझ्या साळीचं, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचं, साक्षगंध होतं. साक्षगंध म्हणजे इतरांचा साखरपुडा, पण जेवण लग्नाचं. मी लॅपटॉप सोबत घेतला. बायकोनं बॅगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बुंदीसाठी आणलेला डबा त्याच बॅगेत कोंबला.

आमच्याकडे सोयरीक जमवणाऱ्याचा सत्कार ठरलेला असतो. टोपी, दुपट्टा, नारळ. हा मान लहान दिसतो, पण माणसं तो मरेपर्यंत लक्षात ठेवतात. कोणाला मिळाला आणि कोणाला नाही, दोन्ही. सासऱ्यांनी एक ताट तयार ठेवलं होतं. मी मोठा जावई आणि त्यात प्राध्यापक राहिलेला, म्हणून माईक माझ्या हाती आला.

"जवाईबापू, हे सोयरीक ज्यायनं जमवली त्यायचा सत्कार घेऊन टाका," सासरे म्हणाले आणि पाहुण्यांना आणायला दाराकडे गेले. नाव सांगायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही, विचारायचं माझ्या ध्यानात आलं नाही.

मी हॉलभर नजर टाकली. पहिल्या सोफ्यावर मोठेबाबा बसले होते, म्हणजे सासऱ्यांचे थोरले भाऊ. पांढरं धोतर, हातात काठी, जणू टोपीचीच वाट पाहत होते. यांचा सोयरिकीत हात आहे का? आहे, मुलाकडचे आले तेव्हा बैठकीत होते. झालं तर मग. मी माईकवर गरजलो, "ही सोयरीक जमवणारे आमचे आदरणीय मोठेबाबा!"

मोठेबाबा उठले. सावकाश उठले, सगळ्यांना पाहता यावं असे उठले. टाळ्या झाल्या, टोपी चढली. आणि बायकांच्या बाजूनं आवाज आला, ज्याला माईकची गरज नव्हती.

"ओ जवाईबापू! कोनं जमवली म्हणता सोयरीक?"

ही आत्याबाई, मोठेबाबांची धाकटी बहीण. अचलपूरला असते.

"पोरगा पाह्यला कोनं? त्याच्या मायसंग बोललं कोन? त्याचा फोटू घेऊन अचलपूरहून यष्टीत उभी राहून कोन आली? अन् टोपी त्यायले?"

"म्या मांगतली का टोपी?" मोठेबाबा टोपी सावरत म्हणाले. "जवाईबापूनं नाव घेतलं, मी उठलो."

"पण मोठेबाबा, तुम्ही होतात ना बैठकीत?" मी माईकवरूनच विचारलं. माईक खाली करायला हवा होता हे आता कळतं.

"होतो ना. पाहुणे म्हणे, पसंत हाय का? मी म्हटलं, हो. म्हटलं का नाई?"

म्हटलं होतं. कोणीच नाकारलं नाही. आत्याबाईसुद्धा म्हणाली, "हो तर म्हटलंच त्यानं. थो कायलेही हो म्हणते. मागच्या पोरीच्या वक्ती बी म्हटलं होतं, थे सोयरीक मोडली ना!"

हॉल हसला. एखाद्या शहाण्या माणसानं इथं माईक ठेवून दिला असता. मी मात्र दुरुस्ती करायला निघालो. म्हणालो, "ज्यांचा ज्यांचा या सोयरिकीत हात आहे, त्यांनी कृपया हात वर करावा."

हात वर झाले. आत्याबाईचा तर होताच. मुलाचे मामा उठले. मुलाच्या कामाची चौकशी करणारे शेजारचे काका उठले. मागं एका वाढप्यानंही हात वर केला, पण तो पंगत बसवू का म्हणून विचारत होता. आणि स्टेजवर माझ्या साळीनं नवऱ्या मुलाचा हात धरून स्वतःच्या हातासोबत उचलला. "जिजाजी, आमी तर दोन वर्सं एकाच ऑफिसात हावो," ती म्हणाली. ही बातमी तोपर्यंत सासऱ्यांनाही नव्हती.

सासरे दारातून आले आणि त्यांनी माईक माझ्या हातातून काढून घेतला. जावयाच्या हातातून वस्तू काढून घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही. तरी घेतला. बायकोनं एका चुलतभावाला बाजारात पिटाळलं, टोप्या आणि साड्या आणायला. पंगत खोळंबली. भाजी दोनदा गरम झाली. माझ्याशी कोणी बोलेना म्हणून मी पाण्याच्या ड्रमाजवळ जाऊन उभा राहिलो.

तिथं ग्लास तोंडाला लावल्यावर मला ते दिसलं.

मोठेबाबा खोटं बोलले नव्हते. ते फक्त पहिल्या सोफ्यावर बसले होते. मी पहिल्या माणसाला विचारलं, त्यानं हो म्हटलं, आणि मी पुढं कोणाला विचारलंच नाही. सरासरी माझ्या प्रोग्रामात पहिल्या ओळीत बसली होती. ती कशालाही हो म्हणायची. तिनं हो म्हटलं की यंत्र टोपी तिच्या डोक्यावर ठेवून मोकळं. मागं गर्दी, उंबरा, उसळी हात वर करून उभ्या असतील, तर त्यांच्याकडे बघतो कोण?

मी तसाच हसलो. ते पाहून आत्याबाई माझ्या सासूला म्हणाली, "पाय वं, अजून हसूनच राह्यला."

परतीला बडनेऱ्याहून गाडी मिळाली. खिडकीजवळ बायको, तिच्या मांडीवर बुंदीचा डबा, माझ्या मांडीवर लॅपटॉप. ती खिडकीबाहेर बघत बसली. बाहेर काळी रानं, मध्येच एखादं पिवळं पडलेलं सोयाबीनचं शेत. मी मात्र कामाला लागलो होतो. 'पटली तर लिहून मोकळं हो' हे काढलं. आता चौघींनाही विचारायचं, प्रत्येक वेळी, कितीही घाई असली तरी, आणि जिनं जिनं हो म्हटलं तिच्या तिच्या रकान्यात खूण करायची. एका कारणाचा एक रकाना होता, त्याचे चार झाले. दुप्पट सौद्यांचा हुकूमही पुसून टाकला. मग बाजाराची तीच मागची माहिती यंत्राला पुन्हा चारली.

मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा पडद्यावर चार रकाने भरले होते. मी ते इतका वेळ पाहत राहिलो की बायकोनं शेवटी तोंड उघडलं.

"काय झालं? अजून कोनाचा सत्कार राह्यला?"

मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. तिनं डबा मला धरायला दिला आणि बोटानं एकेक ओळ खाली उतरू लागली, वह्या तपासते तशी. लाल ओळींसमोर बहुतेक ठिकाणी एकच खूण होती, सरासरीची, एकटीची. हिरव्या ओळींसमोर सरासरी होतीच, पण तिच्या शेजारी वरचेवर आणखी एक खूण.

"ही कोन?"

"गर्दी."

"म्हणजे सरासरी एकटीनं हो म्हटलं तर काई खरं नाई."

"मोठेबाबा," मी म्हणालो.

"अन् गर्दी बी हो म्हणत असन तर जरा भरवसा ठेवा." ती थांबली. सत्कारापासून पहिल्यांदाच तिच्या ओठांवर हसू आलं. "आत्याबाई."

आम्ही दोघंही इतके हसलो की समोरचे आजोबा जागे झाले. त्यांना बुंदी द्यावी लागली.

यंत्र शहाणं झालं, असं मी म्हणणार नाही. लाल ओळी होत्याच, त्या राहणारच. गर्दी सोबत असूनही हरलेले सौदे होते. पण आता हरण्यालाही रीत होती. कुठं काय चुकलं असेल हे दाखवायला बोट ठेवता येत होतं. सहा महिन्यांत मला पहिल्यांदा वाटलं की हे काम आपल्याला येतं. म्हणजे येत नव्हतं हे आता नीट कळलं होतं, आणि तेवढ्यानं सुद्धा ऊर भरून आला.

सोमवारी सकाळी मी शेठजींसमोर बसलो. फोनवर केलेल्या कण्याच्या घोषणेबद्दल आधी माफी मागितली. त्यांनी आठवणीनं नेमका मागच्या वेळचाच सौदा काढायला लावला आणि त्याच्यावर बोट ठेवलं. "हा काहून घेतला?"

"सरासरीनं हो म्हटलं, बाकी तिघींनी नाही. म्हणून तो हरला असावा. यापुढं ती एकटी असली तर यंत्र घेणार नाही."

"अन् हा?"

"सरासरी, गर्दी आणि उंबरा."

शेठजींनी चारही रकान्यांवरून बोट फिरवलं. मग चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "हे मी मानसाले सांगू शकतो. हरलं तरी सांगू शकतो. करा सुरू. पहिले काही दिवस आनखीन खोट्या पैशावरच ठेवू, पन तुमचं काम आजपासून धरा."

पुण्याला मी ऑफिसच्या पायरीवरूनच नाही कळवलं. विद्यार्थी फोनवर म्हणाला, "सर, विचार करून सांगताय ना?" मी म्हणालो, या वेळी सगळ्यांना विचारून सांगतोय. त्याला काही कळलं नाही, आणि मीही समजावत बसलो नाही.

घरी आलो तर क्लास चालू होता. फाटकापासून चपला ओलांडत मी दारात पोहोचलो. बायको खडू घेऊन जुन्या, लहानशा फळ्यासमोर उभी होती. जागा पुरेना म्हणून तिनं शेवटची दोन गणितं कोपऱ्यात तिरकी लिहिली होती. तिनं नुसत्या भुवया उडवून विचारलं. मी नुसती होकाराची मान हलवली. तिनं पोरांना एक लांबलचक गणित सोडवायला दिलं, रीत दाखवा असं बजावलं, आणि आत येऊन पहिला फोन दुकानदाराला लावला.

"भाऊ, थो मोठा फळा पाठवून द्या. हो, आजच. नाई, आता नाई थांबत."

फोन ठेवून ती पदरानं हातावरचा खडू पुसत उभी राहिली. चेहऱ्यावरचं ते हसू मी अमरावतीच्या सत्कारांत कुठंच पाहिलं नव्हतं. मला राहवेना. मी विचारलं, "शेठजींनी नाही म्हटलं असतं तर तू आली असतीस ना पुण्याला?"

"आली असती."

"पण तुझ्या मनात राहायचं होतं."

"होतं."

"मग कोणत्या कारणानं? आणि आता पहिल्या कारणावर थांबू नकोस. जितक्या खुणा पटल्या तितक्या सगळ्या सांग."

पुढच्या खोलीतली पेन्सिलींची खसखस बंद झाली. पोरं ऐकत होती. भिंत पातळ आहे, हे मी मघाशी सांगितलंच.

"एक, माया क्लास," ती एकेक बोट दुमडत म्हणाली. "दोन, मायं माहेर गाडीनं दोन घंट्यावर हाय. तीन, अकोल्याचं ऊन मले सोसते, पुण्याची थंडी नाई सोसत."

"आणि चौथं?" मला वाटलं, चौथा मी असणार. मी जरा ताठही उभा राहिलो.

"चौथं म्हणजे, पुण्यात आपल्याले कोनी ओळखत नाई. तिथल्या एकेका मानसाले मले पयल्यापासून सांगत बसा लागलं असतं का ह्यायच्या हाती माईक देऊ नका. अथी सगळ्यायले माईत हाय."